अर्ध्या मिलीचा फरक

तुले सांगतो, माझं डोकं अजून चक्रावून राहिलं. आम्ही दवाखान्यासाठी औषधाचा डोस काढणारं सॉफ्टवेअर बनवून राहिलो. कम्प्युटरचं उत्तर दशांशात जरासं इकडेतिकडे होतेच, म्हणून ते तपासणाऱ्या टेस्टनं बरोबर डोसापासून किती फरक चालवून घ्याचा, ते मी साहेबाले विचारलं.

“अर्धा मिली ठेव. चालते गा!”

ठेवला. साऱ्या टेस्ट पास. मंग माझ्या शेजारी बसणाऱ्या वर्षानं कोडमध्ये बाळाचा डोस मुद्दाम शून्य करून पाहिला. तरी पास!

“काहून पास होऊन राहिली वं?”

“अरे, बाळाले औषधच अर्धा मिली असते!”

मी तसाच साहेबाकडं गेलो. म्हटलं, “साहेब, चालते म्हणाले तुम्ही, पण कोणाले?”