बॅग बसली न्हाई

हसा, हसा! आधी पोटभर हसून घ्या, मग सांगते. आख्ख्या माण गावात माझं हसं झालंय, तुमीच तेवढं ऱ्हायला व्हता! परवा गिरणीत दळण घेऊन उभी व्हते, तर फुढची बाई पिठाचा डबा लावतीय आन मला म्हणती कशी, "नीट बसलं का गं झाकण? तू बघ बाई, तुला त्यातलं कळतं!" आता ह्येला काय उत्तर द्यायचं? मी आपली पीठ झटकत बसले, दळण व्हायच्या आधीच! ...लाज वाटती हो सांगायला. पण दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापरीस मीच सांगते.

तर मी पिरंगुटला कामाला हाय. कारखान्याचं नाव घेत न्हाई, त्यांचा काय दोष? आमच्याकडं स्प्रिंगा बनत्यात. गादीतल्या न्हाई हां! गाडीचं स्टेरिंग असतंय का न्हाई, त्याच्या मधोमध गुबगुबीत झाकण असतंय, दाबलं की हॉर्न वाजतो, त्या झाकणाच्या पोटात एअरबॅग असती घडी घालून. ती स्टेरिंगला धरून कशी ऱ्हाती? नट न्हाई, बोल्ट न्हाई, काय न्हाई! आत तारेच्या वाकड्या स्प्रिंगा, आन एअरबॅगच्या पाठीला आकडे. वरून दाबलं की आकडा स्प्रिंगीला बाजूला सारतो, आत शिरतो, आन स्प्रिंग परत येऊन त्याला धरती... टक्! काढायची झाली तर स्टेरिंगच्या पाठीमागं बारीक भोक असतंय, त्यातनं स्क्रूड्रायव्हर घालायचा, स्प्रिंग दाबायची, आकडा सुटला. आन ह्यात माझं काम काय? वाकवलेली तार साच्यात ठिवून बघायची. बसली तर हिरव्या पेटीत, न्हाई बसली तर लाल पेटीत. बास! दिसभर हिरवी, लाल, हिरवी, हिरवी, लाल. एअरबॅग मी डोळ्यानं बघितली न्हवती! कामाला लागले तवा सुपरवायझरनं टेबलावर एक स्टेरिंग ठिवून सगळ्या बायांकडनं एकेकदा काढून-बसवून घेतलं, तेवढंच. त्यातबी बॅग न्हवती, नुसतं टरफल!

आता घरी मी काय सांगितलं? खरंच सांगितलं व्हतं. आत्या, म्हंजी माझ्या सासूबाई, साळूबाई, त्यांनी इचारलं, "काय करती गं तू तितं?" मी म्हणलं, "एअरबॅग बसवायला जी स्प्रिंग लागती ती तपासते." एवढं लांबलचक त्यांच्या ध्यानात ऱ्हातंय व्हय! शेजारणीपाशी जाईस्तोवर त्याचं झालं, "आमची स्नेहल एअरबॅग बसवती." तितनं पुढं, "एअरबॅग बनवती." आन आमच्या नणंदेला, मोनालीला, पौडच्या पलीकडनं बघायला आले, तवा मुलाच्या आजीला, तुळजाबाईंना, आत्या म्हणल्या, "ही आमची धाकली सून. एअरबॅगची साहेब हाय." साहेब! आन मी काय करावं? म्हणावं का न्हाई, की आत्या, मी तारा बघते? न्हाई म्हणले! पदर सावरला, खाली बघून गालातल्या गालात हसले, मोठी माणसं हसत्यात न्हाई का, आपलं कौतुक ऐकून... तसं! लाज वाटती हो सांगायला.

बरं, ठरलं लग्न. साखरपुडा गुरुवारी धरला, का, तर गुरुवारी पिरंगुटच्या कारखान्यांना सुट्टी. आमचे थोरले दीर, इंद्रजित भाऊजी, त्यांनी खोल्यांच्या भाड्यातनं गाडी घेतलीया. गाडीवर असा जीव, असा जीव, की पोरांस्नी चपला काढून आत बसवत्यात! तर सकाळी सगळी नटूनथटून अंगणात, शालू, फेटे, अत्तर, आन भाऊजी गाडीत बसून हॉर्न दाबत्यात, तर मुका! परत दाबला... मुका! "आता बिनहॉर्नाची गाडी न्यायची पावण्यांच्या दारात? वळणं किती हायेत रस्त्यानं!" फोन लावला गॅरेजला, तर गॅरेजवाल्यालाबी गुरुवारची सुट्टी. आन मग... एकेक मान माझ्याकडं वळाया लागली. आत्या म्हणल्या, "अगं बाई, घरात साहेब असताना गॅरेज कशाला?"

तुमाला सांगते, तवा नुसतं "न्हाई" म्हणायला पायजे व्हतं. दोन अक्षरं! माझे मालक, गोरख, त्यांनी हळूच इचारलंबी, "येतंय का तुला?" आन त्यांनी इचारलं म्हणून तर मला चेव आला! म्हणलं, "येतंय का म्हंजी? रोजचं हाय आमचं!" रोजचं!

शालू खोचला. बॅटरीची तार काढायला लावली, थोडा वेळ थांबायला लावलं, एवढं मातर सुपरवायझरनं शिकवल्यापरमाणं केलं. मग स्टेरिंगच्या मागनं स्क्रूड्रायव्हर घातला, चाचपलं, दाबलं... टक्! एक सुटला. दुसरा... टक्! तिसरा... आन आलं की हो झाकण हातात! पातेल्यावरचं काढावं तसं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोनालीनं तर व्हिडिओ काढून तितल्या तितं स्टेटसला ठिवला, "माझी वहिनी!" आन आतमधी बघते तर काय... तांदूळ! दसऱ्याला आत्यांनी गाडीची पूजा केलेली, हळदीकुंकू, अक्षता, मूठ मूठ वाहिलेल्या स्टेरिंगवर. त्यातल्या फटीतनं आत जाऊन बसल्या. झाकण दबणार कसं आन हॉर्न वाजणार कसा? मी म्हणलं, "आत्या, तांदूळ घातले तुमी आत!" तर त्या म्हणत्यात, "मग पूजा करायची न्हाई व्हय? देवाचे तांदूळ हायेत, ते काय बिघडवत्यात?"

फुंकर मारली, पदरानं पुसलं, झाकण परत लावलं, तळहातानं दाबलं. टक्! ...टक्! ...आन तिसरा? तिसरा आवाज आलाच न्हाई. म्हणलं, आला असंल. सगळ्यांच्या गलक्यात ऐकू आला नसंल. भाऊजींनी तार जोडली, हॉर्न दाबला, पॉंऽऽ! सगळी "वा!" म्हणली. आता एवढं "वा" झाल्यावर परत स्क्रूड्रायव्हर मागायचा? हितं रोज साच्यात कणभर तार हुकली तर लाल पेटीत टाकणारी मी... म्हणले काय, "झालं! चला!"

लाज वाटती हो.

निघालो. भाऊजी गाडी चालवत्यात, शेजारी आत्या मांडीवर नारळ घेऊन, मागं मी, मोनाली आन आमचे मालक, बाकीची मंडळी मागनं टेम्पोत. घोटवड्याच्या अल्याड डावं वळण आलं, भाऊजींनी स्टेरिंग वळवलं... पॉंऽऽऽ! "मी न्हाई वाजवला," भाऊजी म्हणले. सरळ झालं, गप. परत डावं वळण... पॉंऽऽऽ! उजवीकडं वळलं की गप, डावीकडं वळलं की बोंब! फुढं म्हशी चालल्या व्हत्या, शांतपणे, एका कडंनं. भाऊजी बिचारे त्यांना चुकवायला जरा डावीकडं... पॉंऽऽऽऽ! म्हशी उधळल्या ना! म्हशीवाला काठी घेऊन गाडीमागं, "काय रं, रस्ता काय तुज्या बापाचा हाय व्हय?" आन भाऊजी खिडकीतनं हात जोडत्यात आन गाडी आपली वाजतीया! आत्या म्हणल्या, "असू दे, मंगल कार्य हाय, वाजू दे!"

पण मला कळलं हो. पहिल्या पॉंलाच कळलं. तिसरा आकडा अडकलेला न्हाई. एखादा तांदूळ त्यात ऱ्हायला असणार, झाकण एका बाजूनं लटकतंय, आन स्टेरिंग वळलं की कलतंय आन हॉर्नला टेकतंय. हॉर्न वाजूदे मरणाचा, पण त्या झाकणात एअरबॅग हाय! सुपरवायझरचं पहिल्या दिवशीचं बोलणं कानात, "बाई, ही स्प्रिंग नुसती तार न्हाई. हिनं धरलं न्हाई तर माणसाला वाचवायची वस्तूच त्याच्या तोंडावर येईल." आन फुढं भाऊजींचं तोंड. त्यांची दोन लेकरं मागं टेम्पोत. मालकांनी माझ्याकडं बघितलं, "काय झालं? पांढरी पडलीस?" मी म्हणलं, "काय न्हाई, गाडी लागतीया." अजून खोटं! तोंडातनं खरं निघंना. का? तर मोनालीनं स्टेटस ठिवलंय... पावण्यांनी बघितलं असंल... साहेब...

आन आली की हो पावण्यांची गल्ली! गल्ली कशी? डावीकडं! आन लांबच्या लांब वळत गेलेली! पॉंऽऽऽऽऽऽऽ... थांबंचना! तिकडं वाटलं पावणी वाजतगाजत आली, तर त्यांनी हलगी सुरू केली! इकडं हॉर्न, तिकडं हलगी, आन भाऊजी चिडून... भाऊजींनी मूठ वळली आन त्या झाकणावर दणादण बुक्क्या मारायला लागले! "गप! गप! गप बस!"

तवा मी वरडले. कशी वरडले, देवाला ठावं. "भाऊजी, हात काढा! गाडी बंद करा! उतरा समदी! बॅग बसली न्हाई! म्या नीट बसवली न्हाई!"

गाडी थांबली. हलगी थांबली. हॉर्न न्हाई थांबला. आन तुळजाबाई फुढं आल्या, कानाला हात लावून, "काय? बॅग इसरली?"

"इसरली न्हाई आजी, बसली न्हाई!"

"बॅगंला बसायला कशाला लागतंय? ठिवा की खाली!"

मागनं कुणीतरी, "अहो, साखरपुड्याच्या साडीची बॅग ऱ्हायली वाटतं माणला!" झालं! एक माणूस निघालाबी मोटरसायकल काढून बॅग आणायला! मग मी उतरले, गल्लीच्या मधोमध उभी ऱ्हायले, आन सगळ्यांफुढं, हॉर्नच्या वर आवाज काढून सांगितलं. की मी साहेब न्हाई. मी तारा तपासते. एअरबॅग आज पयल्यांदा हातात धरली, तिसरा टक् वाजला न्हाई, आकडा लागला न्हाई, मला कळलं व्हतं, तरी "झालं" म्हणले. भाऊजींना काय झालं असतं तर माझ्यामुळं झालं असतं. आन नेमकं मी हे शेवटचं वाक्य बोलत व्हते तवा नवरदेवानं, हनुमंतानं, बॉनेट उघडून बॅटरीची तार काढली. त्यामुळं "माझ्यामुळं झालं असतं" हे आख्ख्या गावानं चिडीचूप शांततेत ऐकलं.

मोनाली रडायला लागली. आत्यांनी नारळ आसा धरलेला, कुणाच्या डोक्यात घालावा ते ठरंना. भाऊजी उतरले, झाकणाच्या फटीत बघितलं, बोट जाईल एवढी फट, मग माझ्याकडं बघितलं. त्यांचा फेटा कलला व्हता, तोबी नीट केला न्हाई त्यांनी.

साखरपुडा झाला बरं का. गाडी तशीच गल्लीच्या तोंडाला, आमी शालू नेसून चालत. पण तितं मला जेवण गोड लागलं असंल व्हय? नवरदेवाचा मामा खुर्ची घेऊन आला, "बसा वहिनी... बसला? नीट बसला? आवाज आला का?" पंगतीत वाढप्या पातेल्याचं झाकण लावताना माझ्याकडं बघून म्हणतोय, "टक्!" सगळा मांडव हसला. मी खाली बघून... न्हाई, ह्यावेळी गालातल्या गालात न्हाई.

येताना टेम्पोत उभी राहून आले. शेजारी आमचे मालक. वाटंत मला म्हणत्यात, "मलाबी दोनच आवाज ऐकू आले व्हते."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू रोजचं हाय म्हणालीस. म्हणलं, मला काय कळतंय?"

आता ह्या माणसावर चिडू का त्याच्या गळ्यात पडू? टेम्पोत काहीच करता आलं न्हाई, हात दांड्याला धरलेले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर तारा बघून डोळं भरून येत्यात. एक उचलली, साच्यात बसली, तरी काढली, परत बघितली, परत काढली. जरा संशय आला की लाल. जेवणाच्या सुट्टीपतूर लाल पेटी भरून वाहिली. सुपरवायझर आला, "स्नेहलताई, आज सगळ्याच नापास व्हय?" त्याला म्हणलं, "साहेब, कुणाच्या तरी भाऊजींच्या गाडीत जाणार हो ह्या!" तो काय समजला कुणाला ठावं. मुकाट्यानं पेटी घेऊन गेला, आन परत मोजमाप करून त्यातल्या निम्म्या हिरवीत टाकल्या.

गाडी कंपनीच्या माणसानं येऊन नीट केली. भाऊजी चार दिसांनी बोलले माझ्याशी. काय बोलले? "चहा." एवढंच. पण मी केला, आन त्यांनी प्याला.

आन काल तुळजाबाईंचा फोन आला. आत्यांनी स्पीकर लावला, आमी सगळी भवताली. मोनालीचा तर चेहरा उतरलेला. आता मोडत्यात का काय! तर तुळजाबाई म्हणल्या, "तारीख धरलीया. मानपान नको, भांडीकुंडी नको, कायबी नको. पोरगी आमाला पसंत हाय. फक्त आमची एक अट हाय... वरातीच्या गाडीपाशी तुमच्या धाकल्या सुनंला येऊ देऊ नका."

तुमाला सांगते, पोराकडच्यांची अट म्हणलं की घरात किती बोलाचाली, किती रुसवेफुगवे! पण आमच्या घरात एकानंबी तोंड उघडलं न्हाई. भाऊजींनी मान हलवली, आत्यांनी हलवली, मोनालीनं तर दोनदा हलवली... आन समद्यांच्या आधी, फोनच्या जवळ तोंड नेऊन, "कबूल!" म्हणणारी कोण? मीच.