आलोइसच्या स्नोमोबीलचा पट्टा

नाही, पण मला सांगा, बाहेर उणे सात, गॅरेजचं दार सताड उघडं, आणि गाडीखाली टॉर्च धरून वाकायचं कोणी? तर मी! का? तर आमच्या ह्यांनी शेजारच्या आलोइसला शब्द दिलेला, "तुझ्या स्नोमोबीलचा पट्टा मी लावून देतो!" आता तुम्हाला सांगते, हे वीस वर्षं इथे जर्मनीत इंगोलश्टाटला मोटारींचे ब्रेक तपासणारे इंजिनिअर, बर्फावरच्या गाडीला जन्मात हात लावलेला नाही... पण मी आपला टॉर्च शोधून आणला. ऑक्टोबरात नोकरी गेली हो ह्यांची. तेव्हापासून नुसते खिडकीशी बसायचे, ताटातलं ताटात. आणि आज चक्क हातात पाना!

तर ह्या गाडीला पुढे दोन स्की आणि मागे एकच रुंद रबरी पट्टा, रणगाड्यासारखा. तो मधोमध फिरायला हवा. आलोइसचा पळायचा डावीकडे, कडेला घासायचा. आणि दुपारी त्याला गाडी आल्प्समध्ये न्यायची होती, तिथे बहिणीच्या खाणावळीचं सगळं सामान ह्या गाडीवरूनच वर चढतं!

ह्यांनी मागची बाजू स्टँडवर उचलली, दोन्हीकडची फट मोजली, वहीत लिहिली, "गेनाऊ!" म्हणजे "अगदी बरोबर!" म्हणाले, आणि पट्टा फिरवला... पळाला डावीकडे! "डावीकडे पळतोस? थांब, उजवीकडून ओढतो तुला!" उजवा बोल्ट आवळला. अजून डावीकडे! परत आवळला... खर्र, खर्र, खर्र!

आलोइस बिचारा खिशात हात घालून हळूच म्हणतो, "आल्झो, म्हणजे असं बघ, विनय... राहू दे. मी वर्कशॉपमध्ये नेतो, काही हरकत नाही." इतक्या मायेनं म्हणाला, की ह्यांचे कान लाल! पाना खाली ठेवायला लागले! हा पाना आज खाली ठेवला, तर पुन्हा उचलतील का हो?

परक्या माणसासमोर नवऱ्याची चूक काढायची कशी? मी आपलं बावळटासारखं मराठीतून विचारलं, "अहो, आमच्या आप्पांच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सरकला की ते कुठली बाजू आवळायचे हो? मला मेलीला आठवतच नाही!"

आठवत नाही कशाला? चौदाव्या वर्षापासून वडिलांच्या गिरणीत तो पट्टा मीच आवळत होते!

"सोपं आहे गं," हे म्हणाले, "ज्या बाजूला सरकलाय, तीच..." आणि थांबले. बोल्टकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी टॉर्चकडे बघितलं. 

मग उजवा सैल केला, डावा पाव फेरा आवळला, फिरवून बघितलं, परत पाव फेरा... आणि पट्टा काय सुरेख मधोमध फिरायला लागला म्हणता! "पास्ट! जमलं!" म्हणत आलोइसनं ह्यांच्या पाठीत असा धपका घातला, की हे माझ्या अंगावर!

दुपारी ह्यांनी पिठलं दोनदा मागून घेतलं. दोनदा! आणि ताटात भाकरी गोल गोल फिरवत मलाच शिकवतात, "लक्षात ठेव साधना, पट्टा नेहमी ढिल्या बाजूला पळतो. तुला नाही कळायचं, त्यात जरा फिजिक्स आहे."

काय करता? "अगंबाई, असं होय!" म्हटलं, आणि तिसरी भाकरी थापायला उठले.