आखाजीला बंद केलेला पंख

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झाली होती. धुळ्याच्या बसमध्ये माझ्या मागे दोघे बोलत होते. कुंदन सुट्या भागांचा संच आणून रावेरला घरी दोन आसनी विमान जोडत होता. नानांनी पूर्वी तसे एक जोडले होते.

"नाना, आखाजीच्या मुहूर्तावर डाव्या पंखाचा पत्रा रिव्हेट मारून बंद केला."

"आतले काम कोणी तपासले?"

"मीच. दोनदा."

"स्वतःची चूक स्वतःला दिसते का रे? मला बोलवायचे होते."

"मुहूर्त टळला असता."

"पत्रा उघड. मी रविवारी रावेरला येतो."

"एकूणएक रिव्हेट ड्रिलने काढू? गावात पेढे वाटलेत, नाना. लोक हसतील."

"हसू दे. विमान उडू लागल्यावर शेजारी पहिले कोण बसणार?"

"बायकोच, ज्योत्स्ना. तिने हट्टच धरलाय."

मग कुंदनच म्हणाला,

"नाना, येताना तुमचे ड्रिल आणा. माझ्याकडे एकच आहे."