टेबलाला धरून बसलेलं कपाट

चहा घ्या आणि आधी माझ्या बायकोला दुवा द्या. मुलुंडमध्ये आज माझी जी काही इज्जत उरलीय, ती सुनंदामुळे.

मध्यंतरी मी मोबाइलवर बघून सुतारकाम शिकलो. फळीत आतून तिरकं भोक पाडायचं आणि स्क्रू असा घुसवायचा, की बाहेरून जोड दिसतच नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावायला छोटं कपाट करतोय, असं मेव्हण्याला फोनवर सांगून बसलो. तो म्हणाला, "भावजी, रविवारी जेवायलाच येतो. बघू तुमची कारागिरी."

रविवारी डायनिंग टेबलावर ठेवून शेवटचा स्क्रू आवळला. कपाट उचलायला गेलो, तर टेबलही वर यायला लागलं. स्क्रू लांब निघाले होते, तळाची फळी भेदून थेट टेबलात. तेवढ्यात बेल वाजली.

"वाट लागली," मी म्हणालो.

"तुम्ही फक्त गप्प राहा," म्हणत सुनंदाने कपाटात मीठ, लोणचं, तूप भराभर मांडलं आणि दार उघडलं.

मेव्हणा बघतच राहिला. "ताई, कपाट टेबलावर?"

"मग? लोणच्यासाठी दर घासाला कोण उठणार? मीच ह्यांना सांगितलं, असं करा म्हणून."

त्याने कपाट हलवून पाहिलं. जागचं हललं नाही. "झकास. भावजी, मलाही अगदी असंच पाहिजे."

तेव्हापासून व्हिडिओ शोधतोय. ही चूक टाळायची कशी ते सगळे शिकवतात. मुद्दाम करायची कशी, ते कुणीच दाखवत नाही.