उजेडाची फिरकी

मी मूळची धानोऱ्याची, दिली तापीकाठच्या प्रकाशा गावात, आणि काय सांगू तुम्हाला, लग्नाआधी मी एकदाच फोटो काढलेला, तोही डोळे मिटलेला. नवऱ्याचा स्टुडिओ होता देवळाच्या वाटेवर. तापीवर आंघोळ करून ओल्या केसांनी माणसं यायची, मागं पडद्यावर रंगवलेलं देऊळ, खरं देऊळ शंभर पावलांवर, पण लोकांना पडद्यावरचंच पाहिजे. ह्यांनी मला निगेटिव्हवर पेन्सिल मारायला शिकवली. काचेवर निगेटिव्ह, खालून उजेड, आणि बारीक टोकानं देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्याखालचं काळं भरून काढायचं, की छापल्यावर तोंड गोरं.

आणि मग माझ्या अंगात आलं. तेव्हाची मी म्हणजे काय विचारता, वेणीत गजरा, कानावर पेन्सिल, स्वतःला मोठी चित्रकार समजायची बया. एकेकीला इतकी गोरी केली की सासरची माणसं दारात नवरी ओळखेनात. हे म्हणायचे, तू सर्वासले एकच नाक दी ऱ्हायनी, अर्ध्या तालुक्याले तुन्हंच नाक! मी म्हणायची, मग काय वाईट शे का? एका म्हाताऱ्याचा फोटो आला, गेल्यानंतर काढलेला, डोळे मिटलेले. मी डोळे उघडे काढून दिले. त्याची बायको कितीतरी वेळ बघत बसली आणि म्हणाली, मेल्यावर तरी मन्हाकडे सरळ पाहा लागना. मी हसले हो, मला वाटलं शाबासकीच दिली.

आता हे नाहीत, निगेटिव्ह नाही, स्टुडिओ नात चालवते, रूपाली. कॉम्प्युटरचा उंदीर माझ्या हातात राहत नाही, बोटं थरथरतात, बाण इकडं ठेवावा तर तिकडं पळतो. म्हणून रूपालीनं ती पाटी आणली, ती कन्सोल म्हणते, मी फिरक्या म्हणते. पोळपाटाएवढी काळी पाटी, तिच्यावर गोल गोल फिरक्या, जुन्या रेडिओला असायच्या तशा. एक उजेडाची, एक सावलीची, एक रंग तापवायची, एक रंग गार करायची. उजवीकडं फिरवलं की पडद्यावर वाढतं, डावीकडं कमी, आणि वरून दाबलं की फोटो आला होता तसा परत. हे दाबणं मला फार आवडलं. पेन्सिलीला कुठं होतं असं? एकदा मारली की मारली. पहिल्या दिवशी मी एका नवरदेवाला हळदीपेक्षा पिवळा केला आणि दाबून सोडून दिला, रूपाली म्हणे, आजी, खेळणं नाही ते. मी म्हटलं, मग इतक्या फिरक्या कशाला दिल्या?

आणि मग ती बाई आली. तापीपलीकडची, शेतातली, हातात मोबाईल पदरात गुंडाळलेला. पोरगी तापानं गेलेली, सतरा वर्षांची, तीन दिवसांत. दहाव्याला फोटो पाहिजे. आधारकार्डावरचा होता, पण तो ती लहान होती तेव्हाचा, म्हणे हाई ती नही. मोठेपणीचा हा एकच. कापूस वेचताना पोरगीच म्हणाली होती, माय, मन्हा फोटू काढ ना, आणि हिनं काढला, हिच्या हातचा जन्मातला पहिला फोटो, मावळतीचं ऊन पोरगीच्या पाठीमागं. आभाळ सोन्यासारखं, कापूस सोन्यासारखा, आणि मधे पोरगी नुसती काळी. तोंडच नाही.

मी म्हटलं, थांब, करते. सावलीची फिरकी फिरवली. काळ्यातून राखाडी आलं, राखाडीतून पिठासारखे दाणे आले, दाणे मोठे झाले, तोंड काही आलं नाही. उजेडाची फिरवली, आभाळ जळून पांढरं झालं. ती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी. फिराव ना माय, आखो फिराव, मन्ही पोर मझार शे, तिले बाहेर काढ. मी फिरकी टोकाला नेली, पुढं ती नुसतीच फिरत राहते, पडद्यावर काही हलत नाही, तरी मी फिरवत राहिले, कारण थांबले असते तर तिला सांगावं लागलं असतं.

रूपाली हळूच म्हणाली, आजी, मोबाईलनं घेतलंच नाही तर येईल कुठून. मग माझं जुनं डोकं चाललं. मी तिला म्हटलं, बाई, तू सांग कशी होती, मी डोळे काढून देते, नाक काढून देते, हात थरथरतो पण येतं मला. ती माझ्याकडं बघायला लागली. म्हणे, तू काढेल डोयासंगे मी काय बोलू?

मी उठले आणि खुर्ची तिला दिली. तिचं बोट फिरकीवर ठेवलं, म्हटलं, तूच बघ. काय सांगू तुम्हाला, तासभर ती बसली. उजवीकडं न्यायची, दाणे यायचे, डावीकडं आणायची, काळं व्हायचं. गिऱ्हाइकं आली, पासपोर्ट फोटो काढून गेली, ती बसलेलीच. शेवटी मीच फिरकी दाबली, फोटो होता तसा परत झाला, तर ती म्हणे, मीच उन्हाकडे तोंड करीसन उभी ऱ्हायनी ना माय? मी तिला पाणी दिलं. तसाच काळा फोटो छापला, चौकट घातली, घेऊन गेली.

बाजाराच्या दिवशी अजून येते ती. दारातूनच विचारते, माय, नवं मशीन उनं का? मी म्हणते, नही ना बाई, अजून नाही आलं. मग ती म्हणे, पुढे कधी यी का? मी म्हणते, यी, यी. रूपाली मान खाली घालते. मी आपली पाटीवरची धूळ पुसते.

देव तुमच्या लेकरांना मोठं आयुष्य देवो. कोणी फोटो काढ म्हणालं तर हातातलं काम ठेवा, आणि आधी त्याला उन्हाकडं वळवा.