दाराची कडी

नाय गो, ही नाय. ही पनवेलवरनं सरळ महाडला जाती, इथं गडबला थांबत नाय. रोह्याची यायची हाय अजून — बस तू. मी पण तीच बघतेय. मला कुठं जायचं नाय, माझी सून येतेय त्या गाडीतनं, सुरभी. पेणला गेली होती, बायांच्या मोर्चाला. तू बघितलास मोबाईलवर? मग तिला पण बघितलं असशील — पुढंच हाय, पिवळी साडी, पदर खोचलेला, हात वर करून ओरडतेय, कामाला सारखी मजुरी पायजे, घरावर बाईचं नाव पायजे. घरात कधी मोठ्यानं खोकली नाय गो ती. तीनदा बघितला मी तो व्हिडिओ. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि भ्या पण वाटलं.

निलेशनं पण बघितला ना. माझा लेक, तिचा नवरा. कंपनीत हाय, पहिली शिफ्ट. तिथनंच फोन केला — आये, ती आली की दार उघडायचं नाय, कडी लावायची. घरावर नाव पायजे ना तिला, मग आधी घरात येऊन दाखव म्हणावं. एवढंच बोलला. ओरडला नाय. ओरडला असता तर मी एवढी भ्याले नसते, ओरडणं उतरतं त्याचं. हे असं हळू बोलला की — ती मोटारसायकल बघ कुणाची — नाय, तो नाय.

तू म्हणशील, तोच लावंल की कडी, तुला काय करायचंय. नाय लावणार तो. आमच्यात बापये पडवीत बसतात, कडी बायांनी लावायची. माझ्या सासऱ्यानं पण मलाच सांगितलं होतं. व्हय, आधी एकदा झालंय हे — तुला सांगायचं नव्हतं, गेलं तोंडातनं. माझी मोठी जाऊ, बायजाबाई. ती पण अशीच गेली होती पेणला, मिठागरावरच्या बायांबरोबर मोर्चाला, पंचवीस वर्षं झाली असतील. दिवेलागणीला परत आली. सासरा म्हणाला, सरू, कडी लाव. लावली मी. बाहेरनं ती म्हणतेय, सरू, मी हाय गो, उघड — आणि तिची पिंकी, दोन वर्षांची, माझ्या कडेवर, दाराकडं हात करतेय, आणि मी पोरीचं तोंड दाबून उभी. का? मला कुणी मारलं होतं? नाय. सांगितलं आणि हात वर गेला. बायजा नागोठण्याला भावाकडं गेली ती गेलीच. पिंकीला मी वाढवली. मला आय म्हणते ती. कडी कुणी लावली ते तिला अजून ठाव नाय.

निलेशचं भ्या वाटतं मला, वाटतंच. पण ह्या हाताचं जास्त वाटतं. तो सांगंल आणि हा वर जाईल — म्हणून. पिशवीत बघ. हळू, कुणी बघंल. कडीच हाय. दुपारी सुरीच्या टोकानं चारी स्क्रू काढले, भात तसाच चुलीवर ठेवून आले. आता दाराला नुसती भोकं हायत. शिफ्ट कधीच सुटली, पोचला असंल तो, बघितली असतील. हा फोन वाजतोय तो त्याचाच. वाजू दे. मी घरी गेले की म्हणंल, लाव परत. आणि मी लावीन गो. स्क्रू पदराच्या गाठीत हायत, सुरी घरात हाय, मी मला चांगली ओळखते.

आली गाडी. उठ. ती बघ, खिडकीत — हसतेय. तिला काय ठाव नाय अजून. ऐक, रोह्याला तू नदीच्या पुलावरनं जाशील ना? ही घे. हे स्क्रू पण घे. टाकून दे पाण्यात. विचारत नको बसू, घे, बॅगेत घाल, चेन लाव. चढ आता, कंडक्टर थांबायचा नाय.

थांब गो — दे जरा इकडं. निलेश काय म्हणंल —

नाय. नाय. जा तू. मी खिडकीशी येऊन मागितली तरी देऊ नको.