रविवारची तेलाची वाटी

अवं, केस सरळ करायले चालली ना? आधी माह्यं ऐक. माहे कुरळे केस इतके फुगत, का ऑफिसात सगळे हसत. शेवटी तेलीबांध्याच्या पार्लरात सरळ करून घेतले. तिथली दीदी म्हणाली, "अब तेल बिल्कुल नहीं."

रविवारी आई नेहमीसारखी कोमट तेलाची वाटी घेऊन आली. नोकरी लागल्यापासून आम्ही मायलेकी निवांत बोलायचो ते तेवढ्याच वेळात.

"आई, तेल मना आहे मले."

"मग रविवारी मी काय करू?"

मी नुसती हसली.

आता केस पुन्हा कुरळे झाले. परवा मीच वाटी घेऊन तिच्यापुढं बसली. आई चप्पल घालत म्हणाली, "पोट्टे, माह्यं रविवारी भजन राहते आता. तूच लावून घे."